साडेसहाशे वॅटची बोंडअळी

बोंडअळीच्या अंगावर केस असतात, हे मला एकतीस वर्षं कृषी विद्यापीठात नोकरी करूनही माहीत नव्हतं. मी तिथे पंप ऑपरेटर होतो. अळीशी माझा संबंध फवारणीच्या टाक्या भरून देण्यापुरता. तिच्या अंगाकडे बघायची वेळ कधी आली नाही. ती वेळ यंदाच्या मे महिन्यात आली, आणि त्यात माझे सहा दिवस आणि गल्लीतली थोडीफार अब्रू गेली.

माझी नात आकांक्षा अमरावतीला ॲनिमेशन शिकते, म्हणजे हलणारी चित्रं. शेवटच्या वर्षाला तिला एक फिल्म करायची होती आणि तिने विषय घेतला गुलाबी बोंडअळी. अळीची माहिती असलेले लोक अकोल्याला, विद्यापीठात. म्हणून तीन महिने तिने माझ्याकडे राहायचं ठरलं.

बार्शीटाकळी रोडला माझं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मी आणि फ्रीज. आकांक्षाची आजी, बेबीताई, दिवाळीनंतर गेली. त्यानंतर घरात आवाज करणारा फ्रीज तेवढा उरला, आणि होळीपासून त्याच्याशीही माझं जमेना. त्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत. डॉक्टर म्हणाले, वय झालं, बी-बारा कमी पडतंय. दोन महिने गोळ्या घेतल्या. मुंग्या जाईनात. मग मी फ्रीज टॉवेलने उघडायला लागलो. माणसाला सवय होते.

आकांक्षा बुधवारी आली. पाठीवर कपड्यांची बॅग, आणि मांडीवर, ओढणीत गुंडाळलेला एक खोका. अमरावतीपासून तिने तो खाली ठेवला नव्हता. बाळंतीण बाळ आणते तसा तिने तो घरात आणला. आत ग्राफिक्स कार्ड होतं. तिच्या वडिलांनी घेऊन दिलेलं. अळीचे केस हलवायचे तर ते लागतं म्हणे. मी विचारलं, "केस हलवाले येवढं मोठं कार्ड?"

"आबाजी, एक अळी नाई, बोंडात चार अळ्या हायेत. आन् सगळ्याइचे केस वेगवेगळे हालतात."

मी टेबलावर खोक्याला जागा करून दिली.

घरातला कॉम्प्युटर ती बारावीला इथे राहिली तेव्हाचा. तिच्या आजीने त्याला जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं होतं, काठ समोर येईल असं. दिवाळीनंतर ते कुणी काढलं नव्हतं. आकांक्षाने ते काढून घडी घातली, कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. पंखा दोनदा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा दोनदा.

"पॉवर सप्लाय कमी पडून राहिला," ती म्हणाली.

कॉम्प्युटरच्या आत मागच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो. भिंतीतली वीज घेऊन तो आतल्या सगळ्यांना वाटतो. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. आमच्या डब्यावर साडेचारशे वॅट लिहिलं होतं. कार्डाच्या खोक्यावर लिहिलं होतं, किमान साडेपाचशे. आकांक्षा म्हणाली की आमच्या डब्यात साडेचारशेसुद्धा नसतील, दोनशे असले तरी पुष्कळ. "स्टिकरवर काईबी लिहितात आबाजी. आपण साडेसहाशेचा चांगला घेऊ."

तेवढ्यात रागिणीचा फोन आला. रागिणी माझी मुलगी, आकांक्षाची आई. दिवाळीपासून तिचं एकच म्हणणं आहे, की घराला कुलूप लावा आणि अमरावतीला या.

"बाबा, सोमवारपर्यंत ते चालू झालं त ठीक. नाई त मी येते आन् पोरीले घेऊन जाते. कॉलेजच्या लॅबमधी बसता येते तिले. आन् तुमीबी बॅग भरून ठेवा."

"मी कायले?"

"एकटे काय करून राहिले तुमी तिथं?"

मी त्या वेळी खरोखरच काही करत नव्हतो. पण फोन ठेवल्यावर मी ठरवलं की सोमवारच्या आत अळीचे केस हलले पाहिजेत. तीन महिने घरात कुणीतरी वावरावं असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोललो नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे जे केलं ते कशापायी केलं ते कळेल.

आता माझी चूक सांगतो. विजेच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो. मोटारीचा एक नियम आहे. चालू होताना ती सहापट करंट ओढते. तीन एचपीची मोटार तीन एचपीच्या हिशेबाने जोडली तर जळते. त्या कार्डावर दोन पंखे होते. पंखा म्हणजे मोटार. मी साडेपाचशेला सहाने गुणलं. तीन हजार तीनशे आले.

हा आकडा घेऊन मी ओट्यावर बसलो. शेजारचे केशवराव आले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांनी माझा गुणाकार तपासला. बरोबर निघाला. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे घरातल्या सगळ्या वस्तू लिहायला लावल्या. कूलर, फ्रीज, मिक्सर, दोन पंखे, देवघरातला लाल दिवा. दिव्याला त्यांनी वेगळा रकाना केला. बेरीज पाच हजारांच्या वर गेली.

समोरचे नत्थुजी आले. ते लाइनमन म्हणून निवृत्त झाले. विजेच्या बिलावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमचा मंजूर भार एक किलोवॅट. आन् तुमी पाच वापरता? अख्ख्या लाइनचा फ्यूज उडन. भार वाढवून घ्या पह्यले."

"आबाजी, ते तसं नसते," आकांक्षा आतून म्हणाली. "कार्डाले सहापट लागत नाई."

"तू चित्रं काढ," केशवराव म्हणाले.

"कायच्यावर काढू?" ती म्हणाली. पण तोपर्यंत आमचं ठरलं होतं.

गुरुवारी मी विजेच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर एक मॅडम होत्या. पाटीवर नाव सीमा एवढंच वाचता येत होतं, पुढचं कुणीतरी खरवडलं होतं. त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, भार वाढवण्याचं कारण. मी लिहिलं, बोंडअळी.

मॅडमनी वाचलं. "म्हणजे फवारणीचा पंप का? शेतीची खिडकी तिकडे हाय."

"पंप नाही. अळीचं चित्र."

"चित्राले तीन किलोवॅट?"

"चित्र हलतं."

 त्यांनी फॉर्म उलटून पाहिला, मग बिल. "ग्राहक बेबीताई. त्यांची सही लागन."

"त्या नाहीत."

"मग उद्या घेऊन या त्यायले."

"उद्याही नसतील."

मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून म्हणाल्या, "मग काका, आधी मीटरचं नाव बदला लागते. मृत्यूचा दाखला द्या, वारसाइची संमती द्या. नाव तुमचं होऊन जाईन. मग भाराचा अर्ज. सोपं हाय. दाखला आनला का?"

दाखला माझ्या पिशवीत होता. दिवाळीनंतर मला एका जाणकाराने सांगितलं होतं की दाखल्याच्या दहा प्रती काढा. नऊ नऊ ठिकाणी गेल्या. बँकेतून तिचं नाव गेलं, रेशनकार्डावरून गेलं, गॅसवरून गेलं. दहावी प्रत उरली होती. बिल मात्र अजून दर महिन्याला तिच्या नावाने येतं. बिल वाटणारा फाटकातून हाक मारतो, "बेबीताई, बिल!" आणि मी जाऊन घेतो.

"आणला नाही," मी म्हटलं.

"मग घेऊन या सावकाश."

मी फॉर्म पिशवीत ठेवला आणि घरी आलो. ओट्यावर केशवराव आणि नत्थुजी वाट बघत होते. सांगितलं, साहेब रजेवर आहेत. नत्थुजी म्हणाले, असतेच. आकांक्षाला मी सांगितलं की तुझं म्हणणं बरोबर असेल, सहापट लागत नसेल. ती म्हणाली, "मी काय म्हणून राहिली होती?"

शुक्रवारी दुकानात गेलो. आकांक्षाला विद्यापीठात अळीवाल्या साहेबांनी बोलावलं होतं. ती जाताना म्हणाली, "आबाजी, फक्त पाहून या. घेऊ नका. नाई त कागदावर लिहून देते तेच घ्या." कागदावर तिने लिहिलं होतं, साडेसहाशे वॅट, ब्राँझ.

दुकान कुंदन नावाच्या मुलाचं होतं. मुलगा म्हणजे चाळिशीचा. त्याने कागद वाचून एक खोका काढला. मी विचारलं, ब्राँझ म्हणजे काय. तो म्हणाला, वीज किती वाया जाते त्यावरून नंबर देतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड.

"म्हणजे हा तिसरा आला?"

"तिसरा म्हणजे काका, तसा नाई. तुमच्या कामाले ब्राँझ भरपूर झाला."

मला ते पटलं नाही. रागिणी शाळेत दुसरी आली तेव्हा तिची आई दोन दिवस गुरुजींशी बोलली नव्हती. आमच्या घरात तिसरा नंबर कधी आला नव्हता. पण गोल्ड माझ्या ऐपतीबाहेर होता. तेव्हा मी माझी पद्धत वापरली.

मोटार विकत घेताना आम्ही पाटी वाचत नसू. मोटार उचलून बघायची. आत तांबं असेल तर जड लागते, ॲल्युमिनियम असेल तर हलकी. पाटी खोटं बोलते, वजन बोलत नाही. विद्यापीठात माझं हे मत साहेब लोकसुद्धा विचारत. मी कुंदनला म्हटलं, सगळे डबे समोर ठेव. त्याने ठेवले. मी एकेक उचलला. एक डबा बाकीच्यांपेक्षा चांगलाच जड होता. कंपनीचं नाव त्यावर नव्हतंच. वॅट मात्र आठशे.

खात्री करायला मी तो आणि ब्राँझवाला असे दोन्ही कोपऱ्यावर गोदाबाईच्या हातगाडीवर नेले. कुंदनचा माणूस सोबत आला, पळून जाईन म्हणून. गोदाबाई भाजी विकते. तिने काट्यावरचं कोहळं उचलून डबा ठेवला.

"कोनती भाजी म्हनाची ही?" तिने विचारलं.

"वीज."

"किलोनं भेटते का आता?" ती म्हणाली, पण मोजून दिलं. ब्राँझ एक किलो सातशे. बिननावाचा दोन किलो तीनशे. रांगेतल्या दोन बायकाही म्हणाल्या, मोठा घ्या. मी मोठा घेतला. कुंदन म्हणाला, "काका, सांगून ठेवतो, उघडला त वापस होत नाई." मी म्हटलं, उघडायचं कारणच काय?

कारण संध्याकाळी साडेसहाला मिळालं. आकांक्षाने डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. पण जुन्यापेक्षा वाईट काय होणार, असं मीच तिला म्हणालो. बसवला. बटण दाबलं. पंखे फिरले, फिरत राहिले, पडद्यावर उजेड आला, अळी उघडायला लागली, आणि मागून फट्ट असा आवाज झाला. मग वास. जळालेल्या मोटारीचा वास मी शंभर हातांवरून ओळखतो. इथे मी दोन हातांवर होतो.

 आकांक्षाने आधी वायर ओढली, मग कार्ड काढून ओढणीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नत्थुजी आवाज ऐकून पेचकस घेऊनच आले. डबा उघडला. आत थोडी वायर होती, बोटाएवढी दोन कॉइलं होती, एक फुटलेलं नळकांडं होतं, आणि तळाला चार स्क्रूंनी पक्की बसवलेली लोखंडाची जाड पट्टी होती. ती कशालाही जोडलेली नव्हती. तिचं काम फक्त जड असणं एवढंच होतं.

"भाऊ," नत्थुजी पट्टी हातात घेऊन म्हणाले, "तुमी हे लोखंड घेतलं. वीज त्याच्यासंगं फुकट आली."

पट्टी गल्लीत फिरली. केशवरावांनी ती टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मागून घेतली. गोदाबाईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माह्या काट्यात खोट नव्हती भाऊ, मालात होती." माझ्यासारखे असतील म्हणूनच कुणीतरी ती पट्टी बसवली असणार. वजनावर जाणारा मी एकटा नाही, एवढंच मी त्यातून समाधान घेतलं.

शनिवारी सकाळी आकांक्षा स्वतः दुकानात गेली. मी पिशवी धरून सोबत. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी बोललो नाही. तिने कुंदनला कार्डाचं नाव सांगितलं, बाकी आत काय काय आहे ते सांगितलं, कोणत्या वायरी लागतील ते विचारलं. पाच मिनिटांत झालं. साडेसहाशे, ब्राँझ.

घरी येऊन बसवला. कार्ड वाचलं होतं. पंखे फिरले. पडद्यावर कापसाचं बोंड आलं, ते फाकलं, आणि आतून गुलाबी अळी बाहेर आली. तिच्या अंगावर बारीक केस होते आणि ते वाऱ्याने हलावेत तसे हलत होते. मी खुर्ची ओढून बसलो. एवढी वर्षं जिला मारायला मी पाणी भरलं तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. दिसायला बरी होती.

"झालं," मी म्हटलं आणि शाबासकी म्हणून कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली. बोटांना मुंग्या आल्या आणि पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केला. आकांक्षाचा हात लागला. "आई गं!" पुन्हा काळा. दुपारी कुणीच हात लावला नाही तर फ्रीज सुरू होताना काळा.

"तुलाही मुंग्या येतात?" मी विचारलं. मला वाईट वाटलं. एवढ्या लहान वयात. मी तिला बी-बाराची गोळी दिली. खानदानी असणार, म्हटलं. तिने घेतली, कारण ती थकली होती. थोड्या वेळाने केशवराव बघायला आले. त्यांनी डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्यांनाही मी एक गोळी दिली. ते म्हणाले, अशीही माझी तपासणी राहिलीच होती.

रविवारी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ऑटोने दुकानात गेलो. कुंदनने जोडला. अळी दीड तास फिरली. कुंदनने हात लावला, मी लावला, आकांक्षाने दोन्ही हात लावले. मुंग्या नाहीत, काळं नाही, काहीच नाही. दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांनी अळी पाहून मान डोलावली.

"काका," कुंदन म्हणाला, "मशीन टकाटक हाय. तुमच्या घरालेच काहीतरी झालं."

परत आणला. जोडला. काळा.

नत्थुजींनी टेस्टर लावला. टेस्टरमध्ये मिणमिण उजेड आला. "थोडीशी वीज हाय," ते म्हणाले. "थोडीशी घरात असतेच."

"पण का आहे?"

"ते मी नाई सांगू शकत भाऊ. आमची हद्द मीटरपर्यंत. मीटरच्या आतलं गिऱ्हाइकाचं." चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही हद्द ओलांडली नव्हती, आता निवृत्तीनंतर का ओलांडतील? जाताना म्हणाले, खाली लाकडी पाट ठेवा. केशवराव म्हणाले, रबरी चपला घाला. आम्ही दोन्ही केलं. कॉम्प्युटर पाटावर बसला, आम्ही चपला घालून त्याच्यासमोर बसलो, आणि फ्रीज सुरू झाला. काळा.

संध्याकाळी रागिणीचा फोन आला. आकांक्षा म्हणाली, "ये उद्या." मला फोन दिला नाही, मीही मागितला नाही.

सोमवारी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आत आकांक्षा बॅग भरत होती. तिने कॉम्प्युटरवर आजीचं कव्हर पुन्हा घातलं होतं, काठ समोर येईल असं. माझी बॅग मी भरली नव्हती, पण कपाटावरून खाली काढून ठेवली होती. ऊन आठ वाजताच अंगाला चटके देत होतं. गोदाबाईची गाडी फाटकापाशी थांबली.

"भाऊ, पुदिना द्या जरासा. एका गिऱ्हाइकाले पाह्यजे. बेबीबाई नेहमी देत होती."

"पुदिना वाळला."

ती फाटकातून आत आली आणि मीटरखाली भिंतीलगत बघायला लागली. तिथे हातभर जागेत पुदिना असायचा. आता काड्या होत्या आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा.

"पानी टाकत नाई का तुमी? ते त रोज सकाळी तांब्या टाके इथं. म्या एक डाव विचारलं, म्हनलं बाई, येवढ्याशा पुदिन्याले रोज येवढं पानी काहून? त म्हने, पुदिन्याले नाई टाकत. खाली विजेची प्लेट गाडून हाय, तिले टाकतो. ह्यायनं सांगतलं हाय म्हने."

मी उठलो. ओट्यावरून उतरून त्या भेगांपाशी गेलो.

घर बांधलं ते शहाण्णव साली. अर्थिंगचा खड्डा मी स्वतः खणला होता, सहा फूट. खाली तांब्याची प्लेट, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि पाणी टाकायला जमिनीच्या वर वीतभर पाइप. घरात कुठे चुकून वीज उतरली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. पण जमीन ओली असेल तरच. कोरडी जमीन वीज घेत नाही. मग ती फ्रीजच्या दारावर थांबते, कॉम्प्युटरच्या डब्यावर थांबते, आणि माणसं बी-बारा खातात. विद्यापीठात प्रत्येक पंपघराच्या अर्थिंगला मी रोज उन्हाळ्यात पाणी टाकत असे. त्याचा मला पगार होता. घरचं मी बेबीताईला एकदा सांगितलं, रोज एक तांब्या टाकायचा, आणि विसरून गेलो. पाणी वाया जायला नको म्हणून तिने तिथे पुदिना लावला असणार. तो पाइपावर पसरला आणि पाइप दिसेनासा झाला.

ती बारा महिने टाकत होती. पावसाळ्यातसुद्धा, छत्री घेऊन. मी खिडकीतून बघायचो आणि वाटायचं, हिला पुदिन्याचं फारच वेड. पावसाळ्यात टाकायची गरज नसते, हे तिला सांगायचं राहून गेलं.

"आकांक्षा," मी हाक मारली, "बादली आण. आणि मिठाचा डबा."

"काहून?"

"आण तर."

काड्या बाजूला केल्या. पाइप सापडला, तोंडाशी मातीने बुजलेला. पेचकसाने मोकळा केला. मूठभर मीठ टाकलं, पहिली बादली ओतली. जमिनीने ती घोटभर पाण्यासारखी घेतली. आकांक्षा आत जाऊन फ्रीजला बोट लावून आली. "मुंग्या हायेत." रागिणीचा फोन आला, बस मूर्तिजापूरला होती. दुसरी बादली. "हायेत, पण कमी." तिसरी. चौथ्या बादलीला गोदाबाईने गाडी सोडून हात लावला. नत्थुजी समोरून ओरडले, "अर्थिंग का? म्या म्हनलंच होतं!" ते म्हणाले नव्हते, पण बादली धरायला आले. मीटरची हद्द ओलांडून आले, हे मी लक्षात ठेवलं आहे. पाचव्या बादलीला पाइपात पाणी दिसलं आणि तसंच उभं राहिलं. रागिणीचा पुन्हा फोन, बोरगाव मंजू गेलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. टॉवेल बाजूला ठेवला. फ्रीजच्या दारावर अख्खा पंजा ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिलो. काही नाही. नुसता थंडगार पत्रा.

आकांक्षाने आजीचं कव्हर काढलं, बटण दाबलं. बोंड फाकलं. अळी निघाली. मी डब्यावर थाप मारली. अळी चालत राहिली. आकांक्षानेही मारली. फ्रीज सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. केस हलत राहिले.

रागिणी आली तेव्हा दारात चिखल होता, गोदाबाईच्या गाडीवरचं कोहळं माझ्या ओट्यावर होतं आणि घरातली माणसं कॉम्प्युटरला थापा मारत होती. ती दारातच थांबली.

"चालू झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"काय बिघडलं होतं?"

मी जरा विचार केला. "पाणी कमी पडलं होतं."

"कॉम्प्युटरले?"

आकांक्षाने तिला बाहेर नेऊन पाइप दाखवला. रागिणी वाळलेल्या काड्यांपाशी उभी राहिली. नंतर म्हणाली, "आई टाके ते?" आणि बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा तिने माझी बॅग उचलून कपाटावर परत ठेवली आणि फोन करून नवऱ्याला सांगितलं की मी बुधवारी येते, दोन दिवस जेवणाचं बघा.

मंगळवारी सकाळी सहाला उठून मी एक तांब्या पाणी टाकून आलो आणि परत पडलो. सातला पाहिलं तर मीटरखाली तळं झालेलं. आकांक्षाने विद्यापीठात जाता जाता एक टाकला होता. त्याच्या आधी रागिणीने एक टाकला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी भिंतीलगत वाहून फाटकाखालून रस्त्यावर गेलं होतं, आणि नत्थुजी रस्त्यात उभे राहून त्याच्याकडे बघत होते.

"भाऊ, किती टाकलं? एक तांब्या बस होते अर्थिंगले."

"एकच पुरतो," मी म्हटलं. "पण घरात माणसं तीन आहेत."